अर्जनवीस काकांना, मानेवाड्याहून

ती. काकांना सा. नमस्कार.

हे पत्र तुमच्या टेबलावर आणून दिलं तर तुम्ही आधी शुद्धलेखन तपासाल आणि मग वाचाल. म्हणून इथेच लिहिते, चार लोकांसमोर. तुमचं नाव घालत नाही. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या त्या सरकारी कंपाउंडला लागून अर्ज लिहायला टेबल टाकणाऱ्या बाकीच्यांशी तुमचं उगाच वाकडं यायला नको. तुमचा मुलगा मोबाईलवर दाखवेल तेव्हा तुम्हाला कळेलच.

आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी पोरगी बारावी झाली. इंजिनिअरिंगचे कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, तोंडावर आले होते. ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ, असा निर्णय सरकारने जुलै 2024 मध्ये काढलेला. म्हणजे उत्पन्नाचा दाखला हातात असेल तर पोरगी शिकणार, नसेल तर मी कर्ज काढणार, एवढा साधा हिशेब होता.

तोवर आमच्या घरी कागद म्हणजे भासऱ्यांचं, यांच्या मोठ्या भावाचं, खातं. ते बोट ठेवतील तिथे मी सही करायची. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण तेही हे वाचतील. पण यांच्यामागे घरटॅक्सच्या पावत्या, गॅसचं कार्ड, बँकेचं पासबुक सगळं त्यांच्या कपाटात जाऊन बसलं. पोरीच्या फीचं बोलायचं तर त्यांचं जेवण आटोपेपर्यंत मी दाराशी उभी. मेसच्या पोट्ट्यांचे दोन वेळचे डबे करून घर मीच चालवत होते, तरी.

दाखल्यासाठी मात्र मी एकटी निघाले. कार्यालय कोणतं ते सोडा. खिडकीवर अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुढच्या खेपेला सर्व्हर डाउन. त्याच्या पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. बाहेर एकाने स्टॅम्प पेपर, प्रतिज्ञापत्र आणि 'आतलं' असा मिळून एक भाव सांगितला. तो ऐकून मी तुमच्याकडे आले. खरं सांगायचं तर तुमच्या टेबलावर सावली होती म्हणून आले.

"काका, एक अर्ज लिहून द्या."

"अर्ज तुमचा हाय का माझा?"

"माझा."

"मंग मी काहून लेहू?"

मला वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. तुम्ही कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं आणि शेजारच्याचा भाडेकरार टाइप करायला लागलात. मी लिहिलं ते तसंच, सगळे लिहितात तसं: मी एक गरीब विधवा असून माझ्यावर दया करून वगैरे. तुम्ही लाल पेनाने ती अख्खी ओळ उडवली. म्हणालात, "दया कायले मागता बाई, दाखला मागा ना." मग मला परत आत पाठवलंत, भिंतीवरचा बोर्ड वाचून यायला. त्या बोर्डाखाली मी कितीदा तरी उभी राहिले होते. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, तो अडला तर अपील कोणाकडे, सगळं तिथे रंगवलेलं होतं. वरच्या ओळीतली दोन अक्षरं पंख्याच्या वायरीमागे गेली होती, बाकी सगळं वाचता येत होतं.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. तुम्ही तो मला भाडेकरारातल्या दोन परिच्छेदांच्या मधल्या वेळात समजावलात. अर्ज दिला की पोच द्यावीच लागते. मुदतीत काम करायचं, नाहीतर नकाराचं कारण लेखी द्यायचं. तेही नाही झालं तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्याचा सेवा हक्क आयोग. कारण नसताना अडवलं तर 500 ते 5000 रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. कार्यालयाला नाही, खात्याला नाही, त्या माणसाला. हे ऐकून मी हसले होते, तुम्ही नव्हता हसलात.

आणि तो स्टॅम्प पेपर? असल्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफच आहे. शिवाय 2015 पासून बऱ्याच कामांना प्रतिज्ञापत्रही लागत नाही, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं आणि झेरॉक्सवर आपली आपणच सही करायची. पूर्वी त्या सहीसाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागे. मी खूश झाले, तर तुम्ही लगेच दटावलंत. मेसचं उत्पन्न किती लिहिणार, वही आहे का, खोटं निघालं तर शिक्षा तुम्हाला होईल, भासऱ्यांना नाही. त्या रात्री मी डब्यांचा वर्षभराचा हिशेब पहिल्यांदा एका जागी मांडला. तेल, गॅस, कणीक, बुडवून गेलेल्या पोट्ट्यांची उधारी. पोरीने बेरीज केली, मी सही केली.

तुम्ही मला घटना शिकवायला बसला नव्हता, पण बोलता बोलता एक सांगितलंत ते लक्षात राहिलं. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत मसुदा मांडला, तेव्हा ते म्हणाले होते की या मसुद्याने खेडं हा घटक टाकून व्यक्ती हा घटक धरला, याचा त्यांना आनंद आहे. नागपुरात दीक्षाभूमीच्या गर्दीत लहानाची मोठी झाले, दर दसऱ्याला आमच्या गल्लीतून माणसांचे लोंढे जाताना पाहिले, पण हे वाक्य कधी कानावर पडलं नव्हतं. खेड्याच्या जागी मी मनातल्या मनात आमचं घर घालून पाहिलं.

काका, हल्ली स्वावलंबनावर बोलणारे फार झालेत. आपल्या पायावर उभे राहा, सरकारकडे किती बघाल, असं पंख्याखाली बसून सांगतात. मला त्यांचा राग येतो. खिडकीमागच्या माणसाने आपलं काम करायचं नाही आणि खिडकीपुढच्या बाईने मात्र जबाबदार व्हायचं, हा कुठला न्याय? तुमचं तसं नव्हतं. तुम्ही दोघांनाही धरलंत. मला माझ्या सहीला बांधलंत आणि त्यालाही त्याच्या सहीला. आणि मला एकटीला सोडूनही दिलं नाहीत. पोच घेऊन येईपर्यंत टेबल आवरलं नाही तुम्ही, चार वाजून गेले होते.

तुमचे शेजारी तुम्हाला काय म्हणतात ते मी ऐकलंय. म्हातारा गिऱ्हाइकाला शिकवतो आणि आपलाच धंदा बुडवतो म्हणे. पैसे तर तुम्ही माझ्याकडूनही घेतलेत, टाइप करायचे, ठरलेला दर, एक रुपया कमी नाही. मी चहाचे देऊ केले ते मात्र परत केलेत. आणि मी मागून आमच्या गल्लीतल्या किती जणी तुमच्याकडे पाठवल्या ते विचारा त्या शेजाऱ्यांना.

दाखला मुदतीत मिळाला. पोरगी लागली इंजिनिअरिंगला, मेकॅनिकलला, माझ्या मनात कॉम्प्युटर होतं पण तिचा हट्ट. त्यानंतर मेसची अन्न परवान्याची नोंदणी मी स्वतः केली. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. एजंट त्याच कामाचे हजारात मागत होता. फॉर्म भरताना एका रकान्यात अडले, तर तुम्हाला फोन करायचा मोह झाला. केला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने सोडवला तो.

भासऱ्यांकडून कपाटाची किल्ली मागितली नाही. कागद मागितले. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पिशवीत भरून आणून दिले आणि गोळा भात खाऊन गेले.

आता घरटॅक्सच्या नावबदलाचं घेतलंय. मुदत उलटून गेली, लेखी उत्तर नाही. पहिलं अपील मीच लिहिलंय, टाइपही पोरीने करून दिलं, म्हणजे यावेळी तुमचं गिऱ्हाईक गेलं. तरी सोमवारी घेऊन येते, लाल पेन तयार ठेवा. तपासायचे जे होतील ते लावा, आणि चहाचे मी देणार, त्यावर वाद घालू नका.

तुमची,
मानेवाड्याची मेसवाली