ताई, थँक्यू! (आता ठेवा बघू फोन)

ताई, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कुकर झाला माझा" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

तर माझं सीएफएलई झालं!! सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर. इथली, अमेरिकेतली नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स, म्हणजे एनसीएफआर, 1985 पासून हे सर्टिफिकेट देते. सासूबाई सगळ्यांना सांगतायत सून काउन्सेलर झाली. तसं नाहीये हो, भांडण विकोपाला गेलं की लोक काउन्सेलरकडे जातात, आमचं काम त्याच्या कितीतरी आधीचं, मुलं वाढवणं, घरातला पैसा, वयात येणाऱ्या पोरांशी काय नि कसं बोलायचं, असलं सगळं शिकवायचं.

डिपेंडंट व्हिसावर घरी बसले होते आणि नागपूरची होम सायन्सची डिग्री इथे कुणाला कळतच नव्हती. तुम्ही म्हणालात सिलॅबस पाठव. ती कॉलेजची तिरकी, अर्धी पुसट झेरॉक्स घेऊन रविवारची अख्खी दुपार व्हिडिओ कॉलवर बसलात आणि एनसीएफआरच्या सर्टिफिकेटला लागणाऱ्या दहा विषयांशी माझा एकेक पेपर जुळवलात. फॅमिली लॉ अँड पब्लिक पॉलिसीचा रकाना कोराच राहिला, माझं तोंड पडलं, तर म्हणे "अगं अमेरिकेचा कायदा तुला नागपुरात कोण शिकवणार होतं? वाच आता."

वाचायला तुम्हीच शिकवलंत खरं तर. जर्नल ऑफ मॅरेज अँड फॅमिली हे संशोधनाचं जर्नल उघडलं की ते टेबल्स बघूनच मला धडकी भरायची (हे जर्नल 1939 मध्ये 'लिव्हिंग' नावाने सुरू झालं होतं, तेव्हाही एवढे आकडे असायचे का देव जाणे). तुम्ही म्हणायचात, निष्कर्ष नंतर, आधी सॅम्पल बघ, कुणाची कुटुंबं मोजलीत, सासू-सासरे सहा महिने येऊन राहतात तसली घरं त्यात आहेत का. आता तीच सवय लागलीय, बातमीत "संशोधन सांगतं" दिसलं की पहिला प्रश्न हाच!

आणि एनसीएफआर सुरू झाली ती 1938 ची गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगितलीत, कायद्याचे प्रोफेसर पॉल सायर, शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सिडनी गोल्डस्टीन, तिघं तीन वाटांचे, पण संस्था एकच काढली. मी होम सायन्सवाली म्हणून कोपऱ्यात बसायचे ना, ते तेव्हापासून बंद झालं.

एनसीएफआरच्या नोव्हेंबरच्या कॉन्फरन्सला यायचंच हं, खोली मी बुक करतेय, लिफ्टच्या जवळची. गुडघ्यांचं कारण चालणार नाही.

तुमचीच,
ती रविवारची झेरॉक्सवाली