तिथे कोणी शिट्टी मारत नाही

पुणे, सोमवार रात्र

प्रिय मुक्ता,

काल फोनवर म्हणालीस, "आई, जपानमध्ये काय करायचं, काय नाही, त्याची मला लिस्ट पाठव." लिस्ट पाठवली तर तू ती उघडणारसुद्धा नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. विमानात वाच. नाहीतरी तिथे तुला झोप लागत नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा बागेत तू लहानपणी हिरवळीवर धावत सुटलीस, रखवालदाराने शिट्टी मारली आणि तू भोकाड पसरलंस, आठवतं? जपानमध्ये ती शिट्टी वाजत नाही. आपण पुणेरी पाट्यांवर वाढलेली माणसं. चुकलो की कोणीतरी सुनावेलच, या भरवशावर निर्धास्त असतो. पाट्या तिथेही ढीगभर आहेत, पण पाटीत टोमणा नसतो आणि पाटी वाचली नाहीस तरी सहसा कोणी काही म्हणत नाही. चूक आपली आपल्याला कळत नाही, आणि समोरचा ती गिळून टाकतो.

माझंच सांगते. १९९८ साली नागोयाजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून सहा महिने होते. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये भाताचा वाडगा पुढ्यात आला. पिशवीतून आजीच्या लोणच्याची बाटली काढायची होती, हात मोकळे हवे होते, म्हणून चॉपस्टिक्स सरळ भातात खोचल्या. शेजारच्या बाईंनी हात पुढे केला, त्या काढल्या, माझ्या ट्रेवर आडव्या ठेवल्या आणि पावसाबद्दल जे बोलत होत्या ते बोलत राहिल्या. मला वाटलं, काय ही टापटीप! चार महिन्यांनी, बऱ्यापैकी ओळख झाल्यावर, त्यांनी कारण सांगितलं. माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवतात आणि त्यात चॉपस्टिक्स अशाच उभ्या खोचतात. म्हणजे भर कँटीनमध्ये मी पिंड मांडून बसले होते!

दुसरंही त्याच दिवशी कळलं. आपल्या चॉपस्टिक्समधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये कधी द्यायचा नाही. त्यांच्याकडे दहनानंतर सावडताना घरची माणसं अस्थी चॉपस्टिक्सनीच उचलतात, कधी एकाने दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये देत कलशात ठेवतात. आपल्या घरात सावडायला जाऊन आलेल्या माणसाला हे आणखी समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या मैत्रिणीला मात्र सांग, ती प्रत्येकाच्या ताटातलं चाखत असते.

म्हणून काहीही करण्याआधी अर्धा मिनिट थांब आणि पुढचा माणूस काय करतो ते बघ. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. हे पाठ करून जाऊ नकोस, गोंधळशील. पुढच्या माणसाच्या मागे उभी राहा. दुकानात पैसे हातात देऊ नकोस, गल्ल्यापाशी छोटी तबकडी असते, तिच्यात ठेव. टीप कुठेही ठेवायची नाही, ठेवलीस तर विसरलेले पैसे परत द्यायला कोणीतरी मागे पळत येईल. जवळ एक रिकामी पिशवी ठेव, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेचसे काढून टाकले. आणि मी फोन केला तेव्हा तू ट्रेनमध्ये असलीस, तर उचलू नकोस. डब्यात फोनवर बोलत नाहीत. मी रागावणार नाही. (थोडी काळजी करीन, पण ते माझं मी बघते.)

आता खाणं. तू मासे खात नाहीस, आणि तिथे मासा दिसत नाही तिथेही असतो. 'दाशी' हा शब्द लक्षात ठेव. बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या कीसाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात ते. "मासे नाहीत ना?" विचारलंस तर "नाहीत" म्हणतील आणि खोटंही बोलत नसतील, दाशीला ते मासा धरतच नाहीत. अडीनडीला कोपऱ्याकोपऱ्यावरची कोम्बिनी दुकानं आहेत. तिथे ओनिगिरी म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा घे, उमेबोशीची म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची. तरी वेष्टणावरची यादी फोनवर तपासून बघ. वेष्टणावर १, २, ३ लिहिलेलं असतं, त्याच क्रमाने ओढ. मधली पट्टी आधी, मग दोन्ही कोपरे. शेवाळाचा कागद भाताला लागू नये म्हणून वेगळा ठेवलेला असतो, तो पापडासारखा कुरकुरीत राहतो. मी पहिल्यांदा मधूनच फाडलं आणि कागद प्लॅस्टिकबरोबर कचऱ्यात गेला.

पण खरं जेवायचं असेल तर कोयासानला, डोंगरावरच्या मठांत, एक रात्र राहा. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वे, मग केबल कार. कुकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली तिथे मठाची सुरुवात केली. आज पन्नासच्या आसपास मंदिरं पाहुण्यांना ठेवून घेतात आणि 'शोजिन र्‍योरी' वाढतात, ज्यात मासा-मटण नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासातलं जेवण समज, फक्त गोड कमी. तिथे ध्यानाला बसायला मिळालं तर सोडू नकोस. समोर एक चित्र टांगतात, त्यात कमळावर एक अक्षर असतं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. ते अक्षर 'अ' आहे. आपलाच अ, संस्कृत लिहायच्या जुन्या सिद्धम् लिपीतला. आजूबाजूच्या जपानी माणसांना त्याची ओळख करून घ्यावी लागते, तुला ती बालवाडीतच झाली.

देवांच्या बाबतीतही तुला तसंच होईल. टोकियोत आसाकुसा भागात सगळे सेन्सोजी मंदिर बघून परत फिरतात. तू तिथून नदीच्या कडेने दहा मिनिटं चालत मात्सुचियामाच्या देवळात जा. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती दिसणार नाही, ती बंदच ठेवतात. नैवेद्याला मोदक नाही, पांढरा मुळा! पायऱ्यांवर, दिव्यांवर सगळीकडे मुळे कोरलेले आहेत. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बेचैन होते. शिंतो, म्हणजे तिथल्या मूळ धर्माच्या, देवस्थानात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसता नमस्कार. पेटीत पाच येनचं भोकाचं नाणं टाक, कारण पाच येनचा उच्चार 'गो-एन' आणि ऋणानुबंधालाही तोच शब्द.

सार्वजनिक स्नानगृहाबद्दल लिहू की नको, असं मनात आलं. लिहिते. कपडे सगळे काढायचे. सगळे. पहिल्या दिवशी मी पडद्यापासूनच परत फिरले होते. दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनच्या बाई घेऊन गेल्या. छोट्या स्टुलावर बसून आधी साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच गरम हौदात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पाच मिनिटांनी लक्षात येतं की कोणी कोणाकडे बघत नाही. तुझ्या मनगटावर ते फुलपाखरू गोंदलेलं आहे, तेवढं आधी विचारून घे. बऱ्याच ठिकाणी गोंदण चालत नाही. (मला ते आवडलं नव्हतं ते वेगळ्या कारणासाठी.)

रेल्वेचा सात दिवसांचा पास डोळे मिटून घेऊ नकोस. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याची किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० झाली. टोकियो-क्योतो साधारण चौदा हजार पडतात, हिशोब तूच कर. त्या गाडीत उजवीकडची, 'ई' अक्षराची खिडकी घे. टोकियो सुटल्यावर पाऊण तासाने फुजी दिसतो, आकाशाची मर्जी असेल तर. मला सहा महिन्यांत दोनदाच दिसला.

भाषेची भीती बाळगू नकोस. वाक्याची चाल आपलीच, क्रियापद शेवटी. आपण "छान आहे ना" म्हणतो, ते शेवटी 'ने' लावतात. कोणी "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो नकार समज. आपल्या "बघू, कळवतो"सारखा.

परतीच्या आधी ओकायामाला उतरणार आहेस ना? कोराकुएन बागेत जा. १७०० साली पूर्ण झालेली ही बाग डोळ्यांसमोर ठेवून आपली सिंहगड रस्त्यावरची बाग केली. पाण्याच्या कडेला उभी राहून माझ्यासाठी एक फोटो काढ. हिरवळीवर जायचं की नाही ते आधी बघ.

तुझी,
आई

ता. क. पासपोर्ट सतत जवळ हवा, तिथला कायदा आहे. सर्दीच्या गोळ्या घेतल्या असतील तर मला पाकिटाचा फोटो पाठव, स्युडोएफेड्रिन जास्त असलेल्या तिथे चालत नाहीत. आणि बाबा म्हणतात, नेलकटर आण. मी तेव्हा आणलेलं अजून लखलखीत चालतं, पण ते मी त्यांना देत नाही.