भांडी बाजारातल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, सरक, गिऱ्हाईक आलंय" म्हणता. म्हणून हे उघड पत्र.

अक्षरं काढणं हा माझ्या शिक्षणाचा विषय. वर्गात आम्ही ती कागदावर काढतो, नाहीतर स्क्रीनवर. दोन्ही सपाट. तांब्या सपाट नसतो, हे तुम्ही भांड्यांवर नावं घालता त्या पायरीवर बसल्यावर नीट कळलं. छिन्नी टेकवायच्या आधी तुम्ही काठाखाली बोटभर जागा सोडता, कारण वेलांट्या आणि मात्रा वर जाणार. मग शिरोरेघ मारता, अक्षरं त्यानंतर. शाळेत आम्ही नेमकं उलटं शिकलो: आधी शब्द, मग वरची रेघ. "काठ हीच माझी पट्टी," तुम्ही म्हणालात. रेघ काठाला धरून गेली की नाव तांब्याभोवती कितीही फिरो, तिरकं होत नाही.

पण रेघ आधी मारायची तर ‘भ’ कुठे येणार ते आधीच ठाऊक हवं. घाईत वाचणाऱ्याला ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे कळतात ते वरच्या रेघेतल्या फटीवरून. आणि छिन्नीने ठोकलेल्या ठिपक्यांच्या रेघेत तर सगळ्या फटीच! तिथे तुम्ही हात उचलून मुद्दाम मोठी जागा सोडता, नाहीतर भालेरावांची परात मालेरावांची व्हायची. वळणावर ठिपके दाट, सरळ दांडीत विरळ. मधलं डोळा आपोआप भरून घेतो. इतका बारीक विचार मी भल्या भल्या पोस्टरांत पाहिलेला नाही, आणि इथे तो परातीच्या बुडाशी पालथा पडलेला असतो.

तुमचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा. माझ्या फोनवर उमटतो तो दांडीचा, हिंदी वळणाचा. राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. काही फॉन्टांत ही वळणं असतातही, पण मजकूर मराठी आहे असं संगणकाला सांगावं लागतं, तेव्हा कुठे ती बाहेर येतात. हे मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही हातातलं ताट खाली न ठेवता म्हणालात, "आमच्याकडे दुसरा ल होता कधी?"

तुमच्यामुळेच पांडवलेण्यांत पुन्हा जाऊन आले. दहाव्या लेण्यात उषवदात, म्हणजे नहपान या क्षत्रप राजाचा जावई, आपण काय काय दान केलं ते ब्राह्मी अक्षरांत भिंतीवर कोरून गेलाय. त्यात तीन लाख गाई आहेत. इकडे तुम्ही डब्यावर "मामाकडून सप्रेम भेट" घालता. रीत तीच, गाई तेवढ्या कमी.

स्टीलवर आता तुम्ही विजेचं मशीनच चालवता. त्याची रेघ सलग येते, काम झटपट होतं, आणि जुन्यासाठी हळहळत बसणं तुमच्या स्वभावात नाही. मला मात्र पितळेवरचे ठिपकेच आवडतात. असो.

सरावाला म्हणून तुम्ही पोचा आलेलं पितळी झाकण दिलंत, वर "पैसे कसले?" म्हणून दटावलंत. त्या झाकणावर आता मुळाक्षरं दाटीवाटीने बसली आहेत. त्यांवरून मी संगणकासाठी ठिपक्यांचा अक्षरसंच तयार करते आहे. ‘भ’वरची फट तुमच्या हाताच्या मापाची ठेवली आहे आणि ‘ल’ अर्थातच पाकळ्यांचा.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र लहान आकारात गिचमिड होतात. कुठला ठिपका गाळायचा ते तुम्हीच दाखवा. धनत्रयोदशीची गर्दी लागायच्या आत, दुपारच्या सवडीला येते. चहा या वेळी माझ्याकडून.

आपली,
पायरी अडवून बसणारी