सातपूरच्या टूलरूमवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार,

खरं तर दोन मजले खाली उतरून तुमच्या दारात हे पत्र सरकवता आलं असतं, पण मला ते सगळ्यांसमोर लिहायचंय. कारण डिझाईन करणारी, चित्रं काढणारी, लिहिणारी कितीतरी मंडळी माझ्या ओळखीची आहेत जी "काही सुचतच नाहीये यार" म्हणत बसलीयेत, आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये तुम्ही राहत नाही. आणि समोर बसून आभार मानले तर तुम्ही लगेच "चहा घे" म्हणून विषय बदलता, हे काकूंना पण माहितीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी कापडावरच्या ब्लॉक प्रिंटची डिझाईन्स करते. मागच्या उन्हाळ्यात मी पार आटले होते. सकाळी लॅपटॉप उघडायचा, इन्स्टा बघायचं, पिंटरेस्ट बघायचं, तेच मोर, तीच कोयरी, तीच कमळं, आणि दुपारपर्यंत परत बंद. आई म्हणायची कुठेतरी फिरून ये, मैत्रिणी म्हणायच्या चल राजस्थानला जाऊ, तिथे म्हणे पावलोपावली इन्स्पिरेशन मिळतं. आणि तुम्ही पार्किंगमध्ये स्कूटरचा प्लग साफ करता करता एवढंच विचारलंत, "द्राक्षाची बाग कधी जवळून बघितलीयेस का गं?"

नाशिकमध्ये वाढलेल्या मुलीला हा काय प्रश्न झाला असं तेव्हा वाटलं, पण रविवारी मागे बसून आले मखमलाबादला. खरड छाटणी होऊन गेलेली, नवीन फुटी वाढून तारांवर चढत होत्या. मी पानं बघत होते, सगळे पानंच बघतात, आणि तुम्ही मला तो हिरवा धाग्यासारखा तणावा दाखवलात ज्याने वेल तारेला धरून ठेवते. म्हणालात, वेटोळी कुठल्या बाजूला चाललीत सांग. मी म्हटलं उजवीकडे. "आता तशीच पुढे बघत जा." तर मध्ये एक छोटासा सरळ तुकडा आणि त्याच्यापुढची सगळी वेटोळी उलट्या बाजूला! मला वाटलं हा एखादाच असेल, मग दुसरा बघितला, तिसरा बघितला, जो जो तणावा तारेला नीट धरून बसलाय त्या प्रत्येकात कुठेतरी असं वळण उलटलेलं. काका, मी लहानपणापासून द्राक्षं खातेय, बागांच्या कडेने हजारदा गेलेय, आणि हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

मग तुम्ही डिकीतून नायलॉनची दोरी काढलीत, दोन्ही टोकं माझ्या दोन हातात दिलीत आणि मधोमध धरून पीळ द्यायला लागलात. एका बाजूला उजवा पीळ पडला, दुसऱ्या बाजूला आपोआप डावा. टोकं धरलेली असली की दुसरा मार्गच नाही. वेलीचं पण तेच, आधी तणाव्याचं टोक तार पकडतं, म्हणजे एक टोक वेलीला आणि दुसरं तारेला फिक्स, आणि त्यानंतर तो आवळायला लागतो, मग जेवढी वेटोळी इकडे तेवढी तिकडे घ्यावीच लागतात, आणि वाऱ्यात वेल हलली की तो ताणला जातो पण तुटत नाही. नंतर मी वाचलं की चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींवर जे लिहिलं त्यात हे उलटणं नोंदवून ठेवलंय. तुम्ही डार्विन वाचलेला नव्हता, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायच्या विभागात, स्प्रिंगा आणि डाय (साचे) बघितल्या होत्या.

त्या रात्री मी जे काढलं तेच आज माझ्या साड्यांच्या काठावर आहे. उजवी वेटोळी, मग सरळ तुकडा, मग डावी वेटोळी. आणि गंमत म्हणजे तो सरळ तुकडा ठप्प्याचा जोड लपवायला इतका परफेक्ट बसला की छापणारे दादा म्हणाले, ताई ही बॉर्डर जुळवायला त्रासच नाही. मी जोड लपवण्यासाठी आधी किती डोकं फोडायचे!

तुमचा प्रश्न एकच असतो, "हा असा का आहे?" जॉब, म्हणजे मशीनवर करायचा तुकडा, हातात आला की आधी हे विचारायचं, ड्रॉइंग नंतर, असं तुम्ही म्हणता. प्रत्येक भोकाला, प्रत्येक गोलाईला काहीतरी कारण असतं, उगाच कोणी मशीनवर वेळ घालवत नाही. मी तोपर्यंत उलटं करत होते, छान काय दिसतंय ते शोधत होते. छान दिसणारं सगळं आधीच कोणीतरी काढून ठेवलेलं असतं हो, म्हणूनच माझं डोकं रिकामं झालं होतं. कारण शोधायला लागलं की आकार स्वतःच पुढे येतो, आणि तो आपण स्वतः शोधलेला असतो.

मग पांडवलेणी. शाळेच्या सहलीत गेलो होतो, पायऱ्या चढून दम लागला एवढंच आठवत होतं. तुम्ही मला लेणं क्रमांक ३ समोर उभं केलंत, खाली ते बुटके गण दगडी तुळया खांद्यावर घेऊन बसलेत ना, तिथे. आणि विचारलंत, डोंगर पोखरून केलेल्या जागेला तुळई कशाला लागते? खरंच की! वरचा सगळा डोंगर एकसंध आहे, तुळई नसती तरी काही पडलं नसतं. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यात लाकडाची घरं होती, म्हणून दगडातसुद्धा त्यांनी लाकडी बांधकामाच्या तुळया आणि कठडे कोरले. हे एकदा दिसलं की मग सगळ्या लेण्यांमध्ये सुताराचा हात दिसायला लागतो.

आणि लेणं क्रमांक १०! त्यातला क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख. त्याचा अर्थ आपण सावानात बसून वाचला (सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आणि मी तिथे फक्त परीक्षेच्या अभ्यासाला जायचे). उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे ठेवली, २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. तुम्ही पेन काढून वहीच्या कोपऱ्यात लगेच हिशोब केलात, २००० वर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा पण दोनशे चाळीस, "बरोबर बसतंय गं!" तुमचा चेहरा तेव्हा एवढा खुलला होता. आणि मी मात्र विणकर या शब्दावरच अडकून बसले होते. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडवरचं गोवर्धन, तिथल्या कापड विणणाऱ्यांवर जवळपास १९०० वर्षांपूर्वी लोक एवढा विश्वास ठेवायचे की कायमची ठेव त्यांच्याकडे द्यायचे. मी ज्या धंद्यात आहे त्याचं नाव माझ्या गावाच्या डोंगरावर कोरलेलं आहे. त्या दिवसापासून मला माझ्या कामाबद्दल जे वाटतं ते आधी कधी वाटलं नव्हतं, आणि ते तुमच्यामुळे.

खाली उतरल्यावर फाळके स्मारकापाशी बसून भेळ खाल्ली तेव्हा तुम्ही सांगितलेलं की दादासाहेबांनी १९१३ च्या राजा हरिश्चंद्रच्या आधी कुंडीत मटार लावून, महिनाभर थोडं थोडं शूट करून अंकुर वाढतानाची छोटी फिल्म केली होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, एवढं मोठं काहीतरी डोक्यात घेऊन बसलेला, आणि सुरुवात कशाने केली तर मटारच्या दाण्याने. मी तेव्हापासून खिडकीत मेथी, मूग, काय काय लावून रोज एक फोटो काढते.

बाकी ठिकाणांचं सगळं लिहिलं तर पत्र संपायचं नाही. भांडी बाजारात तांब्याच्या हंड्यावरचे ठोके मी नक्षी समजत होते, तर ठोकून ठोकून पत्रा कडक होतो म्हणून ते असतात हे कळलं. येवल्याला मागावर बसलेल्या ताईंनी तिल्ल्या (रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या) फिरवून दाखवल्या, पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा का दिसतो आणि नक्षीच्या कडा पायरी-पायरीच्या का होतात ते तिथे पाच मिनिटांत समजलं.

अंजनेरीबद्दल मात्र लिहिणारच. पावसाळा संपता संपता गेलो होतो, धुकं, चिखल, आणि सोबत ती बॉटनी शिकणारी मुलगी होती म्हणून बरं, नाहीतर कंदीलपुष्प आपल्याला दिसलंच नसतं. सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवलेली, नावातच आपली अंजनेरी. तिने सांगितलं की बऱ्याच कंदीलपुष्पांच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात, छोटी माशी वासाने आत जाते आणि तिला बाहेर पडता येत नाही, मग काही वेळाने केस कोमेजतात आणि माशी पराग घेऊन सुटते. तुम्ही एका सेकंदात म्हणालात, "म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पण टायमरवाला." ती मुलगी इतकी खूश झाली! मी फूल तोडलं नाही, फोटो पण लांबूनच घेतला, पण त्या नळीचा फुगलेला बुंधा आणि वर पाच पाकळ्यांची टोकं जोडून झालेला कंदील माझ्या वहीत पानंच्या पानं भरून आहे. त्याचा ठप्पा अजून जमलेला नाही, नळीची गोलाई सपाट वाटते. दाखवायचाय तुम्हाला.

आणि गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी कुठपर्यंत आलं, कमरेपर्यंत की छातीपर्यंत. तुम्ही म्हणालात हा आपल्या गावाचा गेज आहे, पाणी मोजायची पट्टीच. त्यावरून मी स्टोल केलाय, खाली गढूळ मातकट रंगाचे पट्टे, घोटा, गुडघा, कंबर, छाती, खांदा अशा अंतराने. नाशिकचं माणूस बघताक्षणी ओळखतं, बाकीच्यांना नुसते छान पट्टे वाटतात आणि मला दोन्ही चालतं.

काका, तुम्ही मला एकही चित्र काढून दाखवलं नाहीत, माझ्या डिझाईनला कधी वा छान पण म्हणाला नाहीत, नेहमी "ही रेघ इथे का थांबली?" असंच विचारलंत. ज्या दिवशी मला त्याचं उत्तर देता आलं त्या दिवशी तुम्ही नुसती मान हलवलीत, मला ते पुरलं. रिटायर झाल्यावर माणसं आराम करतात, तुम्ही तुमचे रविवार माझ्यासारख्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला दिलेत, पेट्रोल, वेळ, उन्हातान्हात उभं राहणं, सगळं. आणि काकू, तुमचे डब्यातले दडपे पोहे आणि थर्मास नसता तर आम्ही दोघं कुठल्यातरी खांबासमोर चक्कर येऊन पडलो असतो, तुम्हालाही खूप खूप थँक्यू.

हे जे वाचतायत आणि अडकून बसलेत त्यांना एक सांगते, तुमच्या आजूबाजूला कोणी फिटर, सुतार, शिंपी, माळी, गवंडी असेल तर त्यांच्यासोबत एक सकाळ काढा आणि ते कशाकडे बघतात तिकडे बघा.

येत्या रविवारी सिन्नरला गोंदेश्वर. शिखरावर एकाच आकाराची छोटी छोटी शिखरं ओळीने वर चढत लहान होत जातात, त्यांचं प्रमाण दर थराला सारखंच कमी होतं का नाही यावर माझं आणि तुमचं जमत नाहीये, तर फोटो प्रिंट करून ठेवलाय, तुमची पट्टी घेऊन या. साडेसहाला पार्किंगमध्ये. आणि यावेळी पेट्रोल मी भरणार, वाद नको.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची