माटोळीखालचे स्टूल

पुणे, 5 ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर आई आधी जेवण झाले का ते विचारते, बाबा दोन वाक्ये बोलून फोन आईकडे देतात आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून पत्र लिहीत आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. 31 तारीख हा कामाचा शेवटचा दिवस आहे आणि तुळशीच्या लग्नाला मी गोव्यात, सावईवेऱ्याला घरी असेन, ती परत जाण्यासाठी नव्हे.

निर्णय घाईचा नाही. दादाशी सविस्तर बोलले आहे. वर्षभराचा खर्च मी बाजूला ठेवला आहे, विमा चालू ठेवला आहे आणि कंपनीने थोडे काम घरून करण्यास दिले आहे, त्यामुळे बाबांच्या पेन्शनला माझा हात लागणार नाही. पैशांची ओढाताण आपल्याकडे होणार नाही, हे आईने मनातून पक्के करावे. 'म्हाताऱ्यांना सांभाळायला मुलगी परत आली' असे वाड्यावर कोणी म्हणाले, तर आई, तू त्यांना तिथेच थांबव. मी कुळागराचे, आपल्या पोफळी-माडांच्या बागेचे काम शिकायला येत आहे, आणि ते शिकवू शकतील अशी दोनच माणसे मला ठाऊक आहेत.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र खरे तर सुचले, ती लिहिते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बाबा स्टुलावर उभे राहून गणपतीच्या वरच्या चौकटीला फळे-पाने टांगत माटोळी बांधत होते. एका हातात केवणीच्या सालीचा दोर होता, दुसऱ्या हातात आंबाड्यांचा घोस होता, आणि मी स्वयंपाकघरातून धावत येऊन सगळ्यांसमोर 'या वयात कशाला चढता?' असे ओरडले. बाबांना उतरवून मी शेजारच्या मुलाला वर चढवले. त्याच्या गाठी सैल बसल्या आणि मध्यरात्री तोरिंजनाचे जड फळ खाली पडले. बाबा त्यावरही काही बोलले नाहीत. ते राजांगणाच्या, घरातल्या चौकाच्या कडेला बसून उरलेला दोर बोटांभोवती गुंडाळत आणि पुन्हा उलगडत राहिले. महिना उलटला तरी ती बोटे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांना चक्कर आलेली नव्हती, हातही कापत नव्हता. मी फक्त त्र्याहत्तर हा आकडा पाहिला होता. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ते मला नंतर आईने सांगितले. बाबा, मला माफ करा.

त्याच आठवड्यात बँकेत जे घडले, त्यात तर माझा दोष अधिक आहे. तुषार सिंचनाच्या कर्जासाठी मी एकटी गेले, तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद न उघडताच 'वडिलांना घेऊन ये' असे सांगितले. चार दिवसांनी बाबांना घेऊन गेले, तर त्यांनी बाबांकडे न पाहता मला विचारले, 'यांचे वय जास्त आहे, यांना हे सगळे समजते ना?' पस्तीस वर्षे मुलांना चक्रवाढ व्याज शिकवलेला माणूस समोर बसला होता आणि मी त्यांना उत्तर देऊ दिले नाही. 'हो, मी समजावते त्यांना' असे म्हणून मीच मोकळी झाले. अठ्ठावीस वर्षे कमी पडली म्हणून मी परत आले होते आणि त्र्याहत्तर जास्त झाली म्हणून तुम्ही बाजूला पडलात. मला त्या खिडकीवर जो अपमान चार दिवसांपूर्वी इतका झोंबला होता, तोच मी माझ्या हाताने तुमच्या पुढ्यात ठेवला.

बाबांना पुरावा लागतो, म्हणून घरी आल्यावर वाचले ते लिहिते. वयावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या या वृत्तीला अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी 1969 साली 'एजिझम' हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये यावर मोठा अहवाल काढला. त्यानुसार जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा पूर्वग्रह असतो, आणि युरोपात तर असा भेदभाव सोसल्याचे इतर वयोगटांपेक्षा तरुणच अधिक सांगतात. मी थांबले ती मात्र ओहायोतल्या एका अभ्यासापाशी, जो 2002 साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या साडेसहाशेहून अधिक लोकांची अनेक वर्षे नोंद ठेवल्यावर असे दिसले की, स्वतःच्या म्हातारपणाविषयी ज्यांच्या मनात चांगले विचार होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. चतुर्थीनंतर बाबा दोनदा 'आता आमचे काय राहिले' असे म्हणाले आहेत. ते शब्द त्यांच्या तोंडी मी घातले, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यात शंभरातली अकरा माणसे साठीच्या पुढची होती, केरळच्या खालोखाल. म्हणजे आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात कोणी ना कोणी असे स्टूल काढून घेत असेल.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते; बाबांनी मन लावून घेऊ नये. मागच्या हंगामात झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा बावीस वर्षांचा पाडेली कामाला आला, तेव्हा 'हा पोर काय चढणार' म्हणून बाबांनी त्याला आवाठावरून परत पाठवले होते. आईने त्याला पुन्हा बोलावले म्हणून सुपारी उतरली. तो एका पोफळीच्या शेंड्यावरून झोके घेत दुसरी पोफळ धरत होता आणि जमिनीवर न उतरता सगळी ओळ त्याने संपवली, तेव्हा खाली उभे राहून बाबाच 'सावकाश, सावकाश' म्हणत होते. आपल्या भागात पाडेली मिळत नाहीत म्हणून आपण सगळे हळहळतो. मग जो मुलगा हे काम पत्करतो, त्याला त्याच्या मिशीवरून जोखू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मलाही घरात अजून 'तुला त्यातले कळत नाही' असे ऐकावे लागते. खरेच कळत नसेल तेव्हा अवश्य सांगा, पण लहान आहे म्हणून कळणार नाही, असे मात्र नको.

बाबांचे ज्ञान माझ्याकडे नाही, हे मी जाणते. या पावसात पडलेली हिरवी सुपारी हातात घेऊन, तिच्या देठाकडचा पाण्यात भिजल्यासारखा डाग पाहून बाबांनी कोळेरोग ओळखला, तेव्हा मी फोनवर चित्रे शोधत बसले होते. लहानपणी मला खांद्यावर घेऊन तुम्ही पाटाच्या काठाने चालायचा आणि कुठे पाणी अडले आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. मला तो आवाज ऐकायला शिकायचे आहे.

ऐकण्यावरून आठवले. बाबा, फोंड्याला जाऊन कान तपासून घ्याच. वयोमानाने आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून स आणि श, प आणि फ यांचा घोटाळा होतो. बुद्धीचा त्याच्याशी काही संबंध नाही. चष्मा लावताना तुम्ही कधी लाजला नाहीत, तसेच हेही समजा. आम्ही जे ओरडून बोलतो त्याचा उपयोग नसतो. समोर बसून, तोंड दिसेल असे सावकाश बोलायला हवे. मी तसे बोलेन, आणि आई, तू स्वयंपाकघरातून हाका मारणे बंद कर.

घरातले तुमचे काहीही हलणार नाही. बाबांची आरामखुर्ची वसरीवर तिथेच राहील, सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजल्यावर पाव घ्यायला बाबाच जातील, दहाच्या पेजेची वेळ चुकणार नाही आणि माझ्या कामाचे टेबल मी माडीवर ठेवीन. स्वयंपाकघर आईचेच राहील; मी फक्त नारळ खवून देईन.

आता मात्र माझे ऐका. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडू नका. तळीच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, ते मी येऊन घासेपर्यंत तिथे उतरू नका. पावसाळ्यानंतर त्या पायऱ्यांवरून मीसुद्धा दोनदा घसरले आहे. मोरचूद आणि चुना कालवताना हातमोजे घाला. हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहू नका. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना ही सेवा घरपोच द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना सांगितले आहे. बाबांनी स्वतः अर्ज लिहावा. कर्जाच्या कागदांसाठी आपण दोघे पुन्हा जाऊ आणि या वेळी बोलणे बाबा करतील, हिशेबाची वही माझ्या हातात असेल.

सुताराला बोलावून त्या स्टुलाचा पाय सारखा करून घ्या आणि त्याला खाली रबर लावायला सांगा. जुलैत मी बाबांच्या स्कूटरची चावी कपाटात डब्यांच्या मागे ठेवली होती, ती आईने बाबांना द्यावी. डॉक्टरांचा दाखला घेऊन बाबांनी लायसनचे नूतनीकरण करावे; कायद्याने त्याला वयाची वरची मर्यादा घातलेली नाही, आणि मला ती घालण्याचा अधिकार नव्हता. मी 1 तारखेला सकाळी फोंड्याच्या स्थानकावर उतरेन. बाबा, मला घ्यायला तुम्हीच या. उजाडल्यावर निघा, हेल्मेट घाला, मी थांबेन. सामान थोडेच आहे, ते पुढे पायापाशी मावेल.

तुमची,
बाय