डोळ्याच्या कडेला चमकणारी रेघ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय वसंत,

स. न. वि. वि. साखर आटोक्यात आहे, गुडघ्यांचे जुनेच. लिहिण्याचे कारण अंजनेरीच्या पठारावर डिसेंबरच्या थंडीत उल्का मोजता मोजता माझ्याशी भांडलेल्या माणसालाच कळेल.

परवा रात्री दिवा मालवला आणि उजव्या डोळ्याच्या कडेला पांढरी वक्र रेघ चमकून गेली. मान वळवली की पुन्हा तीच. आधी मला मिथुन राशीतल्या उल्काच आठवल्या. वर स्लॅब आहे हे मागाहून ध्यानात आले. सकाळी गोदाघाटावर आकाशाकडे पाहिले, तर एक काळसर कडे आणि काही तंतू नजरेबरोबर फिरत होते, आणि नजर थांबली तरी किंचित पुढे सरकून मगच स्थिरावत होते.

त्याच दिवशी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा तपासून घेतला. डोळ्यात भरलेला पारदर्शक गर, ज्यात जवळजवळ ९९ टक्के पाणीच असते, वयोमानाने पातळ होतो, त्यातले तंतू गुंततात आणि त्यांच्या सावल्या पडद्यावर पडतात. पुढे हा गर पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना पडदा ओढला जातो, आणि पडद्याला वेदना ठाऊक नसल्याने तो ताण आपल्याला उजेड म्हणून दिसतो. म्हणजे बाहेर काही नसतानाही माणसाला चमक दिसू शकते. त्या रात्रीची तुझी शेवटची उल्का मी अजूनही मोजणार नाही!

माझा पडदा शाबूत आहे, तरी महिनाभराने पुन्हा दाखवायचे आहे. चमक हळूहळू कमी होईल. ठिपके राहिले तरी मेंदू त्यांच्याकडे लक्ष देईनासा होतो म्हणे. तूर्त मी रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहतो, आणि घरात हसे होते.

धास्ती आहे ती तुझी. फोनवर 'मलाही काजवे दिसतात' म्हणून तू विषय उडवून लावलास. तुझा नंबर उणे आठ, त्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. या दोन्ही गोष्टींनी पडदा फाटण्याचा धोका वाढतो. चमक नवी असेल, ठिपके एकाएकी वाढले असतील किंवा कडेने सावली सरकत असेल, तर पत्र बाजूला ठेव आणि आजच जा. नुसती फट असेल तर लेझरने तिच्याभोवती पडदा चिकटवून घेता येतो. पडदा सुटला की मोठी शस्त्रक्रिया आली.

नातीचे बारसे कधी, ते कळव. घराच्या दुरुस्तीचे वहिनी म्हणतात तसेच कर. आणि तपासणीला स्कूटरवर जाऊ नकोस. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, आणि तुझ्या मागे बसण्याचा प्रसंग वहिनींवर एरवीही येऊ नये.

तुझा,
शरद