ढब्बूची फाइल पाठवते आहे

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो" म्हणतोस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. म्हणून लिहायला बसले. कागद हातात आला की तू तो शेवटपर्यंत वाचतोस, हे लहानपणापासून बघितलं आहे. सोबतच्या खोक्यात आपल्या ढब्बू बोक्याची दवाखान्याची फाइल आहे, त्याचं जुनं पांघरूण आहे आणि आपली मांजरी चिंगी ज्यावर झोपते त्या चादरीचा एक तुकडा आहे. दोन्ही मुद्दाम न धुता पाठवली आहेत. तूही धुऊ नकोस.

ढब्बूच्या लघवीविषयी या पत्रात एकदाच लिहायचं असं मी ठरवलं आहे. बाबांना तसा शब्दही दिला आहे.

तुझ्या नव्या घरी तो पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून तू घाबरला आहेस. त्याबद्दल घाबरू नकोस. मांजर घर ओळखतं ते वासावरून. त्याच्या गालांवर, हनुवटीवर, पंजांच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपले घोटे, जिथे तिथे गाल घासत ते फिरतं ते आपला वास लावून ठेवायला. इथे त्याने इतकी वर्षं कोपरा न् कोपरा आपला करून ठेवला होता, आणि तिथल्या भिंतींना त्याचा काहीच वास नाही. तो लपणारच. त्याला ओढून काढू नकोस. सध्या सगळं घर देऊच नकोस, एक खोली दे. तिथेच त्याचा शी-शूचा मातीचा ट्रे, पाणी, खाणं आणि आडवं केलेलं खोकं ठेव. पांघरूण त्या खोक्यात घाल. तू खाली जमिनीवर तुझं वाचत बस. त्याच्याकडे रोखून बघू नकोस. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मीट आणि उघड, त्याला ते कळतं. रात्री सगळं शांत झालं की तो आपणहून फिरून येईल. तुला फक्त सकाळी ट्रे बघायचा आहे. लघवीने मातीचे ओले गोळे किती झाले, रोजच्याइतके मोठे आहेत की बारीक बारीक आहेत, ते.

आलंच बघ ते. आता आलंच आहे तर पूर्ण लिहून टाकते.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाला फार अरुंद होत जातो. मांजरीचं तसं नसतं, म्हणून चिंगीची मला या बाबतीत काळजी नाही. त्या अरुंद जागी बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी बंद होते. मग मूत्राशय तुंबतं, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयावर येतं. २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. आणि ज्याला एकदा झालं त्याला पुन्हा होण्याचा धोका राहतो. ढब्बूला दोनदा झालं आहे. डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले होते की ताण हे यामागचं मोठं कारण असतं, आणि घर बदलणं हा मांजराला सगळ्यात मोठ्या ताणांपैकी एक. म्हणून तू त्याला घेऊन निघालास त्या दिवशी मी दारात तसं बोलले. तुझ्यावर अविश्वास होता म्हणून नाही.

तुझ्यावर अविश्वास कसा असेल? पहिल्या वेळी तूच ओळखलंस. नववीत होतास. मध्यरात्री येऊन मला उठवलंस आणि म्हणालास, "आई, तो ट्रेमध्ये बसतोय, उठतोय, परत बसतोय. माती कोरडीच आहे. पोटाला हात लावला तर ओरडला." दुसऱ्या एखाद्या मुलाने सकाळपर्यंत वाट बघितली असती. तू तोपर्यंत टोपली काढून त्यात टॉवेल अंथरलासुद्धा होतास. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावलं, तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी ते अजून लोकांना सांगते. ताई म्हणते, पुरे आता, सगळ्यांना पाठ झालंय. पण मला सांगावंसं वाटतं.

आणि तो घरी आल्यावर चिंगीने काय केलं ते आठवतं? शेपटी फुगवून, पाठ उंच करून फिसकारली होती त्याच्यावर. एका जागी गुंडाळून झोपणारी ती दोघं. ढब्बूला दवाखान्याचा वास येत होता, म्हणून तिच्या लेखी घरात परका बोका शिरला होता. तू बिचारा रडवेला झालास. मग तूच कुठूनतरी वाचून आलास, दोघांना दोन खोल्यांत ठेवलंस आणि एकच टॉवेल आधी याच्या गालाला, मग तिच्या गालाला घासत बसलास. शाळेतून आलास की आधी ते. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या ठेवून जेवायला घातलंस. एके दिवशी दार उघडलं, तर चिंगी येऊन त्याचा कान चाटायला लागली. अभ्यासात तुझा इतका धीर मी कधी बघितला नव्हता.

चादरीचा तुकडा त्यासाठीच पाठवला आहे. त्याच्या झोपायच्या जागेजवळ ठेव. इथे त्याचा जुना नॅपकिन चिंगीजवळ आहे. सुट्टीत त्याला घेऊन येशील तेव्हा ती दोघं एकमेकांना परकी होऊ नयेत. तरी आल्या आल्या समोरासमोर सोडायचं नाही. तू हे जाणतोस.

चिंगी बरी आहे. खाते आहे. संध्याकाळी दोघं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत धावायची, ती वेळ झाली की ती एकटीच दारापाशी जाऊन बसते, थोडं ओरडते, मग माझ्याकडे येते. पहिले काही दिवस ढब्बूच्या खोक्यात जाऊन झोपली. आता बाबांच्या छातीवर झोपते, आणि बाबा कूस बदलत नाहीत. खिडकीत पक्षी दिसला की अजून तशीच दात कटकटवत बसते. ढब्बू त्या वेळी मागून येऊन तिची शेपटी पकडायचा. दोघांना वेगळं करू नये असं मला वाटत होतं आणि अजून वाटतं, हे लपवत नाही. पण तो तुझा बोका आहे. तुझ्या उशीशीच झोपत आला आहे. तू गेलास आणि तो इथे राहिला असता तर तोही ताणच होता. हे बाबांचं म्हणणं, आणि ते मला पटलं आहे.

पाण्याकडे लक्ष दे. मांजरांचे पूर्वज कोरड्या रानातले, शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर जगणारे. तहान लागली तरी ती फार पीत नाहीत आणि लघवी दाट होते. कोरड्या खाण्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. म्हणून त्याचं ओलं खाणं बंद करायचं नाही, फ्रिजमध्ये जागा नसली तरी, कंटाळा आला तरी. त्यातही वरून दोन चमचे कोमट पाणी घाल. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, रुंद, मिशा कडेला लागणार नाहीत अशी, आणि खाण्याच्या ताटलीपासून लांब. तो आधी पंजा बुडवून झटकतो आणि मग पितो. फरशी ओली होईल, होऊ दे. पायपुसणं टाक. नळाची बारीक धार सोडलीस तर जास्त पिईल, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ट्रे स्वयंपाकघरात नको आणि धुण्याच्या मशीनशेजारी नको. मशीन दणाणलं की तो तिथे बसणं टाळेल. माती इथे होती तीच वापर. ट्रे फिनेलने धुऊ नकोस, फिनेल मांजरांना विषारी असतं. नुसता साबण आणि गरम पाणी पुरे. दिवसाला साधारण २ ते ४ ओले गोळे निघायला हवेत. एकही नसेल तर त्या दिवशी ऑफिस नाही.

हे वाक्य मी खोडणार होते. ऑफिस नवं आहे, तुझी धावपळ मला कळते, आणि सारखं असं लिहिणं बरं नाही. तुला मांजर कसं सांभाळावं हे मी शिकवावं अशी वेळ नाही. रागावू नकोस. पण खोडत नाही.

त्याच्याशी खेळत जा. तू थकून येशील हे माहीत आहे, तरी खेळ. काठीला पीस बांधलेलं ते खेळणं मी कपड्यांच्या बॅगेत घातलं होतं. पीस त्याच्या तोंडासमोर नाचवायचं नाही, त्याच्यापासून लांब न्यायचं, खोक्याआड लपवायचं, थांबवायचं. तो मागचा भाग हलवत दबा धरेल, तेव्हा थोडी वाट बघायची. शेवटी त्याला ते पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं, म्हणजे शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप असं त्याच्या क्रमाने होतं. लाल दिव्याच्या ठिपक्यामागे नुसतं पळवू नकोस, पंजात काहीच येत नाही आणि तो बिचारा चिडचिडा होतो. पहाटे आणि संध्याकाळी मांजर सगळ्यात जागं असतं, म्हणून तुझ्या झोपायच्या आधीचा हा खेळ तुलाही झोप देईल. खेळून झालं की काठी कपाटात ठेव. दोरा गिळला तर आतडं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसलाच तर ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं.

मागे तू एकदा म्हणाला होतास, तो मांडीवर घुरघुर करतोय म्हणजे बरा आहे. दरवेळी तसं नसतं. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. दुसऱ्या वेळी, तुझ्या बारावीत, टेबलावर डॉक्टर पोट दाबत होते आणि तो घुरघुरत होता. म्हणून त्याच्या आवाजावर जाऊ नकोस, ट्रेवर जा. सारखं खाली चाटतोय का, बाथरूमच्या फरशीवर किंवा सिंकमध्ये बसायला लागला आहे का, उडी मारताना कचरतोय का, ते बघ. खाणं सोडलं तर दोन दिवस थांबू नकोस. त्याचं वजन ६ किलोच्या वर आहे, आणि जाड मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून वेगळंच दुखणं उभं राहतं.

मनू, तू दिवसभर बाहेर असणार, कधी रात्रीही. त्या वेळात त्याला काही झालं तर बघणार कोण, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. शेजारी कुणाशी तरी ओळख कर. चहाला बोलाव. एक किल्ली त्यांच्याकडे दे. ढब्बूसाठी म्हणून दे. तुला काही झालं तरी त्या दारातून कुणीतरी आत येऊ शकेल. काकांच्या त्या वर्षापासून मला बंद दारांची भीती वाटते, तुला ठाऊक आहे. यावर फोनवर काही बोलू नकोस, नुसती किल्ली दे.

फाइलमध्ये पहिल्या पानावर मी त्याचं वय, वजन, दोन्ही वेळचे उपचार, कुठल्या औषधाने उलटी झाली होती, लसी कधी दिल्या, सगळं एका कागदावर लिहिलं आहे. नव्या डॉक्टरांना आधी तो कागद दाखव. १० वर्षांचा झाला तो, आता वर्षातून २ वेळा तपासणी हवी. पहिली याच महिन्यात करून घे, काही झालेलं नसताना. म्हणजे डॉक्टरांनाही तो माहीत होईल. आणि रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आज बघ. नंबर फ्रिजवर चिकटव आणि मलाही पाठव.

बाबांचे आशीर्वाद. ते म्हणतात, मी पत्र फार मोठं केलं.

तुझी,
आई

ता. क. परवा तुझा आवाज बसलेला वाटला. ताप आहे का? पॅरासिटामॉल घेत असलास तर गोळ्या उशाशी ठेवू नकोस, बंद डब्यात ठेव. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आणि कुणी फुलं आणली तर त्यात लिली नाही ना ते दारातच बघ. अंगावर सांडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात. ताप किती आहे ते कळव.